वरणाले दवाखान्याचा वास

ब्राह्मणपारा, रायपूर
१४ जुलै २००२

ताई,

नमस्कार मागून करते, आधी माझं ऐकून घे, नाहीतर माझं डोकं फुटन.

परागच्या शाळेत यंदापासून दुपारचं जेवण सुरू झालं. वरून हुकूम आला म्हणे. राजधानी झाली ना आता आमची, रोज एक नवा हुकूम निघते. मी म्हटलं, असो बापा, ज्याले पाहिजे त्यानं खावं, आपल्याले काय करायचं? पराग-पिंकीचे डबे मी भरूनच देते. तर काल परागच्या दप्तरातून डबा काढला, पोळी-भाजी जशीच्या तशी, वर मुंग्यांची रांग. काहून रे, जेवला नाही? तर तोंड वर करून म्हणते, "आई, मैं तो स्कूल का खाना खाता हूँ. घर से अच्छा है."

घर से अच्छा! माझ्या हातात झारा होता, तोच हाणला पाठीत.

तू ते जेवण पाहिलं नाही, मी पाहून आली. पोट्ट्यांच्या मुतारीले लागून पत्र्याचं छप्पर, त्याच्याखाली चूल. भैय्यालाल नावाचा शाळेचा चपराशी, तोच आता स्वयंपाकी. अंगातली बनियन घामानं निथळून राहिली, अन् त्याच बनियनच्या टोकानं तो चुलीवरचं पातेलं, तो भला मोठा गंज, पुसून राहिला. आत काहीतरी पिवळं रटरटत होतं. गंजाच्या काठावर माशी बसली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत घसरली आत. त्यानं डाव फिरवला अन् झालं. ईऽऽ! अन् हे आपलं पोट्टं, दहा वर्षांचं घोडं, ते बोटं चाटून खाते! धाकटी पिंकी त्याच्या मागं-मागं.

मी उद्या शाळेत जाऊन बाईंले सांगणार आहे, माझ्या लेकरांच्या पानात एक शीत पडता कामा नाही.

बाकी बरं आहे. मागच्या महिन्यात बूढ़ापाऱ्यात यांच्या स्कूटरवरून पडली होती, ते डोक्यामागचं टेंगूळ उतरलं. सगळे रस्ते खोदून ठेवले आहेत मेल्यांनी. अन् भाजीपाल्याची तर वाट लागली, ताई. खतं टाकून टाकून वाढवतात, कशालेच चव नाही, कोथिंबीर गवतावानी. मी हिंग-मेथी दुप्पट टाकते, तेव्हा कुठं जेवणात जरा जीव येते.

तुझी,
मंजिरी


वर्धा
२५ जुलै २००२

मंजू,

तुझं पत्र वाचून आधी हसली, मग ते माशीवालं वाचलं अन् हातातला चहा खाली ठेवला. छी, किती घाण लिहितेस!

पण बाई, झाऱ्यानं मारलं काहून? लेकरू खिचडीले नाही भुललं, पंगतीले भुललं. शंभर पोट्टे एका रांगेत बसून जेवतात, तिथं माती वाढली तरी गोडच लागन. चार दिवस जाऊ दे, आपोआप येईन तुझ्या वरण-भातावर.

आईले बायका काय म्हणायच्या, आठवते का? नैवेद्याआधी चाखायचं नाही, मग मीठ कसं समजन? अन् आई म्हणायची, मंजूले विचारा. तू नुसतं भांड्यावर नाक नेऊन सांगायचीस, कढी उतरवा, झाली. आपल्या घरात तुझ्या अंदाजाले कोणी बोट लावू शकलं नाही, मी मोठी असून नाही. अशा बाईनं शाळेच्या चपराशाचा मत्सर करावा, हे काही बरं नाही दिसत.

शाळेत जाऊन भांडू नको. जावयांले नमस्कार.

तुझी ताई,
इंदू


रायपूर
६ ऑगस्ट

इंदूमावशी,

नमस्ते. मी पराग. हे पत्र आईला नको सांगू. पिंकीची कसम. माझी मराठी खराब आहे, तू हसू नको.

मावशी, आई का खाना बहुत गंदा हो गया है. सच्ची. आधी असं नव्हतं. आधी मी तीन-तीन पोळ्या खायचो. आता वरणाले दवाखान्याचा वास येते, इतना हींग. चम्मच तोंडाजवळ नेला की डोळ्यात पाणी येते. जवसाची चटणी आहे ना, तिला पेंटचा वास आहे, जैसे नया दरवाज़ा. मैंने पिंकी को बोला सूंघ, तिनं सूंघलं अन् तिला उलटी झाली, आणि मार मला पडला. दूध फाटलेलं असते तरी आई देते. म्हणते साय आहे. साय नाही मावशी, वो गिलगिला रहता है, गळ्यात अटकते.

मी डबा मंदिराजवळच्या गायीला दिला. गायीनं पण सूंघलं अन् मुँह फेर लिया.

शाळेची खिचडी काही फार मस्त नाही. कधी कंकड़ येते. भैय्यालाल भैया नाक शिनकून तोच हात लावतो, मैंने देखा है. पण वास तरी खाण्याचा येते. आई म्हणते मी खोटा आहे, शाळेनं मला बिगाडलं. पप्पा तर सगळं खातात, और माँगते भी हैं. मग आई म्हणते, बघ, तुझे पप्पा बघ.

आता आईनं मॅडमला सांगून दिलं, याले जेवायला बसवायचं नाही. सगळे बसतात अन् मी आणि पिंकी क्लासमध्ये डबा घेऊन बसतो. मी नाही खात. पिंकी थोडी पोळी सुखी खाते. कल प्रार्थना में मुझे चक्कर आया. मी पडलो तर सगळे हसले.

तू आईला सांग ना, पहले जैसा बनाओ. माझं नाव नको घेऊ.

पराग


ब्राह्मणपारा, रायपूर
२४ ऑगस्ट

ताई,

"हिंग जरा हात राखून टाकत जा, चटणी जुनी झाली असन तर फेकून दे," असं लिहितेस? वा! वर्ध्यात बसून तुले माझ्या चटणीचा वास आला काय? मी काही दूधखुळी नाही. परागले उभा केला, दोन दिल्या, तेव्हा कबूल झाला की मावशीले लिहिलं म्हणून. अन् तू त्याची बाजू घेतली. घेऽ, डोक्यावर बसव.

माझ्या लेकरांले माझ्या हातचं किळसवाणं वाटते. ताटाशी बसले की नाक दाबतात दोघं. नाक दाबतात, ताई! पिंकी तर घास तोंडात घेऊन मोरीकडे पळते. मी रात्रंदिवस त्या ओट्याशी उभी राहते, उपाशीपोटी नैवेद्याचं करते, अन् माझ्यासमोर माझीच पोट्टी ओ-ओ करते. मले त्यांच्या तोंडाकडे पाहण्याची शिसारी येऊन राहिली आता. आई होऊन असं लिहू नये, पण लिहिते.

मग मी ठरवलं, सोक्षमोक्ष करू. परवा शाळेत गेली, ऐन जेवणाच्या वेळी. मोठ्या बाईंसमोर उभी राहिली, म्हटलं, वाढा मले, मी खाऊन दाखवते यात काय आहे ते. आणखी दोन-तीन आया होत्या, त्याही बसल्या. भैय्यालालनं खिचडी वाढली, वर काहीतरी बटाट्याचं. मी डोळे मिटून घास घेतला.

राख! अगदी राख, ताई. नुसतं गरम अन् खारट. वास म्हणून नाही. ओला कागद चावल्यावानी. मी तिथंच म्हटलं, हे तुम्ही लेकरांले घालता? तर माझ्या शेजारी शारदा बसली होती, आमच्या गल्लीतलीच, ती म्हणते, चांगलं तर आहे, "हव, बने तो हे, दीदी! जिरे की क्या खुशबू है!" अन् बाकीच्या माना डोलवून राहिल्या. मोठ्या बाई माझ्याकडे अशा पाहून हसल्या की वाटलं, तो गंज उचलून त्यांच्याच डोक्यावर ओतावा. कसली जिऱ्याची खुशबू? सगळे मिळालेले आहेत एकमेकांले.

मी आता दोघांचंही नाव काढून घेणार आहे त्या शाळेतून. दिवाळीनंतर परागले नागपूरले होस्टेलात टाकते. मेसचं खाईन तेव्हा कळन त्याले घरचं काय असते.

अन् महालक्ष्म्या येऊन राहिल्या. सासूबाई येतील, यांच्या ऑफिसातली मंडळी येतील. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, सगळं एकटी करते. मग पाहते कोण नाक दाबते ते. या घरात एक हेच आहेत शहाणे. काल वरण दोनदा मागून घेतलं, चकार शब्द न बोलता.

मंजिरी


वर्धा
३१ ऑगस्ट २००२

सुशीलराव,

मी तुम्हाले कधी वेगळं पत्र लिहिलं नाही, म्हणून घाबरू नका, अन् हे मंजूच्या हाती पडू देऊ नका.

मले एका गोष्टीचं सरळ उत्तर पाहिजे. तुमच्या घरी जेवण कसं बनून राहिलं? खरं सांगा. जावई म्हणून नका सांगू.

परागनं मले लिहिलं ते मी पोरकटपणा समजली. पण मंजूचं परवाचं पत्र मी तीनदा वाचलं. शाळेतल्या खिचडीले वासच नव्हता म्हणते. बाकीच्या बायकांले जिऱ्याचा वास येते अन् हिलेच येत नाही? जी पोट्टी माजघरात बसून सांगायची की शेजारी भात लागला, तिले? कोथिंबीर गवतावानी लागते म्हणते. राजधानी झाल्यानं कोथिंबिरीचा वास जाते का हो?

ती स्कूटरवरून पडली तेव्हा डोक्याले कुठं लागलं होतं? डॉक्टरले दाखवलं होतं का नुसतं टेंगूळ शेकलं?

एक करा. तिले डोळे मिटायला लावा अन् हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरा. काय म्हणते ते पहा. अन् लेकरांले आजपासून शाळेत जेवू द्या. पराग प्रार्थनेत चक्कर येऊन पडला, हे तुम्हाले माहीत तरी आहे का?

इंदू


रायपूर
६ सप्टेंबर २००२

आदरणीय ताई,

सा. नमस्कार. ऑफिसातून लिहितो आहे.

तुम्ही खरं सांगा म्हटलं, तर सांगतो. जेवण खाण्यालायक नाही. जूनपासून नाही. कधी डाळ आंबलेली, कधी तेल इतकं जुनं की घास टाळूले चिकटून राहते. हिंगाचं तर लिहीतच नाही, कालची ढेकर मले आज फाइलवर येते. दोनदा मी घरून जेवून निघालो अन् ऑफिसच्या भिंतीमागं जाऊन ओकलो. शालिग्राम नावाचा आमचा बाबू आहे, त्यानं पाठ चोळली माझी. त्याले वाटलं, साहेब पिऊन येऊन राहिले.

तुम्ही म्हणाल, मग बोलले काहून नाही. आमच्या घरी ताटावर बसून अन्नाले नाव ठेवत नाहीत. आमच्या वडलांनी, अण्णांनी, माझ्या मोठ्या भावाले "भाजी खारट आहे" एवढ्यावरून भरल्या ताटावरून उठवलं होतं. तेव्हापासून आम्ही भाऊ जे वाढलं ते गिळतो.

अन् दुसरं कारण आहे. स्कूटर मी चालवत होतो, ताई. खड्डा मले दिसला होता. मंजिरी म्हणत होती, हळू, हळू. मी नाही ऐकलं. ती मागं पडली अन् मले समजलंही नाही, मी तसाच पुढं गेलो, लोकांनी ओरडून थांबवलं. ती त्याच्याबद्दल मले एक शब्द बोलली नाही. अन् त्याच आठवड्यापासून ताटात हे असं येऊ लागलं. मले वाटलं, ती मुद्दाम करून राहिली. तोंडानं बोलत नाही, ताटातून बोलते. म्हणून खात गेलो. दोनदा मागायचो ते यासाठी की तिचा राग लवकर उतरावा. मले काय माहीत, ती ते शाबासकी समजून राहिली.

परागचं मले माहीत नव्हतं. शरम वाटून राहिली.

आज संध्याकाळी डबी धरतो.

आपला,
सुशील


ब्राह्मणपारा, रायपूर
२० सप्टेंबर

ताई,

तुले सगळं यांच्याकडून कळलं असन, तरी माझ्या हातानं लिहिते.

त्या दिवशी हे ऑफिसातून आले, म्हणाले, डोळे मीट. मले वाटलं, पंडरीच्या कापडबाजारातून साडी आणली. मी हसत-हसत मिटले. मग म्हणतात, कशाचा वास आहे सांग. मी म्हटलं, कशाचाच नाही. डोळे उघडले तर नाकाखाली हिंगाची डबी, नाकाले टेकलेली. पिंकी दारातून ओरडली, "मम्मी, इत्ता तो बदबू आ रहा है!"

डॉक्टर म्हणतात, पडताना आतली वासाची नस तुटली असन. वास गेला की चवही जाते; कधी परत येईन, कधी येणारही नाही. मी त्यांले विचारलं, मले मग कळलं कसं नाही? ते म्हणाले, पुष्कळांले नाही कळत. पण ताई, थोडं थोडं कळत होतं. पिंकीची वेणी घालताना तिच्या डोक्याले तेलाचाही वास येत नव्हता, अन् तिचाही नाही. मी म्हटलं, सर्दी असन. अन् कोथिंबिरीले शिव्या देत राहिली. मी करतेच काय दुसरं या घरात? स्वयंपाकच गेला तर मी कोण?

रडली, ते जाऊ दे. तुले खरं सांगायचं ते पुढंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून लेकरं शाळेतही जेवू लागली अन् घरीही शहाण्यासारखी ताटावर बसू लागली. कोणी नाक दाबत नाही, कोणी मोरीकडे पळत नाही. मी विचारलं की पराग म्हणते, "अच्छा है, आई." पिंकी म्हणते, "बहुत अच्छा." मले वाटलं, बरं झालं, आता मी जपून करते, जमून राहिलं असन. महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी रात्रीचं वरण गरम करून वाढलं. परागनं वाटी संपवली. मी आणखी वाढायला झाकण काढलं तर वर फेस. पांढरा, बुडबुड्यांचा, थुंकीवानी फेस, ताई! अन् याची वाटी चाटूनपुसून साफ. मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले, अन् मान हलवून म्हणते, "अच्छा है."

मी वाटी फेकली. म्हटलं, सडलेलं वरण आहे ते, गाढवा, गिळलं काहून? तर म्हणते, "पप्पा ने मना किया है. आई को बुरा लगेगा."

असा संताप आला मले! यांचा, त्या अण्णांचा, त्या अख्ख्या खानदानाचा, जे सडकं गिळतात अन् त्याले संस्कार म्हणतात. किळस आली. पण सगळ्यांत जास्त कोणाची आली म्हणशील तर माझी. या घरात एक हाच पोट्टा खरं सांगून राहिला होता, अन् मी झाऱ्यानं मारून मारून त्याले त्याच्या बापासारखं करून टाकलं.

मी त्याच्यासमोर खाली बसली. म्हटलं, छी म्हण. म्हण ना रे राजा, छी म्हण, मी नाही मारत. त्यानं पप्पांकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहून राहिले होते. मग हळूच म्हणाला, "थोड़ा खट्टा था." मी म्हटलं, थोडा? तर म्हणे, "बहुत." अन् मग जे सुटलं ना ते पोट्टं! हुंदके देऊन देऊन. वरण सडेला है, चटनी में पेंट है, तेल में से चूहे जैसा आता है, दूध गिलगिला, पिठात अळ्या आहेत आई, दो बार निकले, मैंने चुपके से फेंके. पिंकीही सुरू झाली, तिच्या तर यादीत पाण्याचा माठही निघाला. एक-एक डबा काढला, दोघं नाक लावायचे अन् ओरडायचे, छीऽऽ, थूऽऽ, अन् मी फेकत जायची. हेही उठले शेवटी, पोतं धरलं. यांनी तेलाच्या डब्याले नाक लावलं अन् लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बोलले, "हे मात्र फार घाण आहे, मंजिरी."

मी म्हटलं, धन्यवाद.

आता महालक्ष्म्यांचं. सासूबाई आल्या होत्या. स्वयंपाक झाला, पानं मांडायची वेळ, अन् मी परागले ओट्याशी बोलावलं. म्हटलं, चाख. सासूबाई एकदम पुढं आल्या, नैवेद्याच्या आधी उष्टं करते? देवीच्या जेवणाले? एवढ्या वर्षांत या घरात असं झालं नाही म्हणाल्या. मले तोंडावर बोलणं कधी जमलं नाही त्यांच्याशी, तुले माहीत आहे. पण त्या दिवशी म्हटलं, आई, जूनपासून मी देवापुढं रोज सडकं ठेवून राहिली, न चाखलेलं, अगदी सोवळ्यात. ते चाललं काय? त्या हात जोडून देवीपुढं जाऊन बसल्या.

कढी त्याले आवडली. भाज्यांमध्ये दोन नापास केल्या, कारल्याची अन् पडवळाची, पण त्या त्याले तशाही आवडत नाहीत, म्हणून मी ऐकलं नाही. मग पुरण. मी चमचा त्याच्या तोंडात दिला अन् त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. ताई, मी परीक्षेलेही एवढी घाबरली नव्हती. त्यानं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, अन् बाहेर बसलेल्या ऑफिसच्या सगळ्या पाहुण्यांले ऐकू जाईन असा बोंबलला, "छीऽऽ, आई! जायफळ! पूरा कफ सिरप!"

मी तिथंच त्याचा मुका घेतला, पुरणाच्या हातानं. मग दुसरी डाळ शिजायला टाकली. देवीले अन् पाहुण्यांले तासभर बसून राहावं लागलं.

तुझी,
मंजू